औलूतली चाळीस मिनिटं

ह्यांना ऐकू कमी येतं, ही थाप मी सव्वा वर्ष मारली. ह्यांचे कान ठणठणीत होते. खाली कुणी फ्रिजचं दार उघडलं तर वर बेडरूममध्ये ह्यांना कळायचं. गेलं होतं ते डोकं. मेमरी क्लिनिकमधल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी निदान सांगितलं तेव्हा मी शहाण्यासारखी मान डोलावली, लीफलेट पर्समध्ये टाकलं आणि गाडीपर्यंत पोचायच्या आत ठरवून टाकलं, की हे बाहेर कुणालाही कळता कामा नये.

बरं, मी काही अडाणी बाई नाही. मी जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. लंडनच्या ईलिंगमध्ये सत्तावीस वर्षं प्रॅक्टिस केली. किती घरांना सांगितलं असेल, की बाबांचं विसरणं लपवू नका, शेजाऱ्यांना सांगा, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला सांगा, म्हणजे चार जण लक्ष ठेवतील. पंजाबी सुनांना सांगितलं, आयरिश मुलींना सांगितलं. स्वतःवर आल्यावर काय केलं? डोंबल! आमच्या मराठी मंडळात जाऊन जाहीर केलं, "हल्ली ह्यांना नीट ऐकू येत नाही हो." झालं, लोक ह्यांच्या कानाशी येऊन ओरडायला लागले. ह्यांनी भलतंच उत्तर दिलं तरी ते कानावर खपून जायचं. गणपतीच्या कार्यक्रमात कुणी समोर आलं की मी आधीच त्याचं नाव घेऊन "अगंबाई, तुम्ही कधी आलात?" म्हणायचे, म्हणजे ह्यांना नाव मिळायचं. ह्यात मी इतकी तयार झाले होते की एखाद्या दिवशी मलाच माझं कौतुक वाटायचं.

का केलं असं? हे भूलतज्ज्ञ होते. पस्तीस वर्षं लोक ह्यांच्यावर विश्वास टाकून टेबलावर झोपले. त्या माणसाकडे कुणी "अरेरे" करून बघावं, हे मला सोसणार नव्हतं. असं मी स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे लोक माझ्याकडे बघून "अरेरे" म्हणतील ह्याची मला धास्ती होती. हळदीकुंकवाला मी आत शिरले की बायका बोलायच्या थांबतील, आणि मग कुणीतरी जरा जास्तच गोड आवाजात माझी चौकशी करेल. त्या चौकशीला मी घाबरले होते.

एक माणूस होता ज्याला सांगायला हवं होतं. ह्यांचे मित्र. मी त्यांना भाऊजी म्हणते. दोघं नागपूरला मेडिकलला एका बाकावर होते, इंग्लंडला एकाच हिवाळ्यात आले, आणि चाळीस वर्षांत दर रविवारी एकमेकांना फोन केल्याशिवाय राहिले नाहीत. भाऊजी एजवेअरला असतात. त्यांची बायको जाऊन तीन वर्षं झाली, मुलं अमेरिकेत. त्यांचं म्हणून जे काही उरलं होतं त्यात आमचे हे होते. मी म्हटलं, ह्या माणसाला आणखी कशाला धक्का द्यायचा? रविवारच्या फोनच्या वेळी मी ह्यांच्या शेजारी बसून राहायचे. स्पीकर लावू का म्हटलं की हे फोन घेऊन बागेत जायचे. तिथे काय बोलतात ते मला ऐकू यायचं नाही. पण भाऊजी कधी काही बोलले नाहीत, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

औलूचं खूळ माझंच. औलू हे फिनलंडच्या उत्तरेचं शहर, समुद्राकाठचं. हिवाळ्यात तिथला समुद्र गोठतो. लग्नाआधी ह्यांना तिथल्या हॉस्पिटलमध्ये चार महिन्यांची फेलोशिप मिळाली होती. सकाळी काय खाल्लं ते ह्यांना सांगता येत नव्हतं, पण औलूतल्या वॉर्डच्या खिडक्या किती, क्वार्टर्सच्या मागच्या दाराला कडी कुठल्या बाजूला, बर्फात सायकल कशी वळवायची, सगळं लख्ख. रोज नव्यानं सांगायचे. मला वाटलं, जे अजून शिल्लक आहे ते तरी बघू दे. अजून वर्षभरानं तेही नसेल. मी तिकिटं काढायला बसले, आणि रविवारच्या फोनवर ह्यांनी ते भाऊजींना सांगून टाकलं. भाऊजी म्हणाले, "मी पण येतो!" आता नाही कसं म्हणणार? नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

हीथ्रोपासून माझी पाचावर धारण बसली होती. पण हेलसिंकीला विमान बदलून आम्ही औलूला उतरलो, थंडीनं नाकातले केस कडक झाले, आणि हे म्हणाले, "उणे अठरा तरी असेल." टॅक्सीवाल्याला विचारलं, तर उणे सतरा. ह्यांचा चेहरा बघायला हवा होता. टॅक्सी नदी ओलांडत होती तेव्हा ह्यांनी काचेवर बोट टेकवून दाखवलं, "त्या पलीकडच्या विटांच्या बिल्डिंगमध्ये राहायचो मी. मागच्या पायऱ्यांनी वर." टॅक्सीवाला म्हणाला की जुनं हॉस्पिटल केव्हाच हलवलं, आता तिथे ऑफिसं आहेत. हे त्याच्याशी तोडक्यामोडक्या फिनिशमध्ये दोन वाक्यं बोलले. तो हसला. मी भाऊजींकडे बघितलं, तर ते खिडकीबाहेर बघत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, मैत्रीचं प्रेम.

दोन दिवस इतके चांगले गेले की मी गाफील झाले. बाजारातल्या जुन्या हॉलमध्ये आम्ही सॅमन माशाचं सूप प्यायलो, वर राय धान्याचा काळा पाव. तिथे एक चपटं चीज मिळतं, भाजून देतात, दाताखाली कुचकुच वाजतं. हे म्हणाले, "हे कॉफीत बुडवून खायचं असतं," आणि खरंच काउंटरवरच्या म्हाताऱ्या बाईंनी टाळी वाजवली. फुटपाथवर बारीक खडी टाकलेली असते म्हणून पाय घसरत नाही. बर्फातून बायका सायकलवर भाजी घेऊन जातात, आपण वेड्यासारखे बघत राहतो. दुसऱ्या दिवशी आम्ही गोठलेल्या समुद्रावर चाललो. पांढरं, सपाट, कुठे संपतंच ना. भाऊजी म्हणाले, "अरे, हे तर आपल्या फर्स्ट इयरच्या रिझल्टसारखं दिसतंय, सगळं कोरं!" हे खो खो हसले. त्या दोन दिवसांत ह्यांनी मला एकदाही "आपण कुठे आहोत?" विचारलं नाही. लंडनला दिवसातून दहा वेळा विचारायचे.

तिसरा दिवस रविवार होता. नाश्ता झाला, अकरा वाजले होते. हे खोलीत पलंगावर डोळे मिटून पडले. हॉटेलात तळघरात सौना होता, गरम वाफेची लाकडी खोली. मला वाटलं, जाऊ का? सव्वा वर्षात मला सलग अर्धा तास स्वतःचा मिळाला नव्हता. आंघोळ करताना दारसुद्धा मी लावत नसे. खाली लॉबीत भाऊजी वाचत बसले होते. मी म्हटलं, "हे झोपलेत. मी जरा सौनात जाऊन येते. खाली आले तर तुमच्याबरोबर बसतील." एवढंच म्हटलं. त्यांना एकटं सोडू नका, बाहेर जाऊ देऊ नका, असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, आणि मी ते गिळलं. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला बाहेर का जाऊ द्यायचं नाही?

ऐंशी अंश, नव्वद अंश, किती का असेना, मी त्या लाकडी फळीवर बसले आणि रडले. बरं वाटलं म्हणून रडले. अर्ध्या तासानं लाल तोंड घेऊन वर आले तर खोलीचं दार सताड उघडं. ह्यांचा जाड कोट हुकाला. टोपी, हातमोजे टेबलावर. बर्फाचे बूट दाराशीच, घरात घालायचे तेवढे नव्हते. कपाटातला टाय गेलेला होता आणि ब्लेझर गेलेला होता.

मी ओल्या केसांनी खाली धावले. "हे कुठायत?"

भाऊजी उठून उभे राहिले. "बाहेर गेलाय जरा. येईल की."

"कोट नाही घातला त्यांनी!"

"हो का," भाऊजी म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्याचा अर्थ तेव्हा मला लागला नाही.

आम्ही दोघं रस्त्यावर पळालो. बाजाराचा हॉल, पाण्याकाठच्या लाकडी वखारी, कालचं कॉफीचं दुकान. रविवार, माणूस कमी. मी मराठीतच "अहो! अहो!" करून ओरडत होते. नवऱ्याला नावानं हाक मारायची सवय नाही मला, आणि त्या वेळीसुद्धा तोंडातून नाव निघेना. अर्धा तास गेला. हॉटेलच्या मुलीनं परस्पर पोलिसांना फोन केला, म्हणून बरं. आमच्याच्यानं तेही झालं नसतं.

पोलिसांत एक बाई होती, तिशीची, केस घट्ट बांधलेले. तिनं लॉबीत आम्हाला बसवलं, हळू आणि स्पष्ट इंग्रजीत एकेक विचारायला लागली. वय? उंची? कपडे? हृदयाचा त्रास? डायबेटिस? मी पटापट उत्तरं देत होते, शेवटी डॉक्टर आहे. मग तिनं विचारलं, "त्यांना स्मरणशक्तीचा काही आजार आहे का?"

भाऊजी माझ्या शेजारी बसले होते. त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्यापासून वीतभर लांब होता.

मी म्हटलं, "नाही. त्यांना ऐकू थोडं कमी येतं."

हे मी म्हटलं. बाहेर उणे सतरा होतं, माझा नवरा ब्लेझरमध्ये होता, आणि मी हे म्हटलं. सव्वा वर्ष रोज म्हणत आले होते, ते वाक्य आपोआप बाहेर पडलं अशी मी नंतर स्वतःची समजूत घातली. पण आपोआप नव्हतं. ती विचारत असताना मी एकदा भाऊजींकडे बघितलं होतं. ह्यांच्या जिवलग मित्रापुढे मी खोटी ठरेन, आणि हे वेडे ठरतील, एवढं सगळं तेवढ्या क्षणात माझ्या मनात येऊन गेलं, आणि मग मी नाही म्हटलं. भाऊजींनी मान खाली घातली.

ती बाई लिहून उठली. धडधाकट, शहाणा, ऐकू कमी येणारा पाहुणा जसा शोधायचा तसं त्यांनी ह्यांना शोधलं. कॅफे, दुकानं, चर्च, स्टेशन, दुसऱ्या हॉटेलांच्या लॉब्या. असा माणूस थंडी वाजली की आत शिरतो. त्यांची काही चूक नाही. मी लॉबीतल्या घड्याळासमोर बसून होते. उणे सतरामध्ये उघड्या बोटांचं किती मिनिटांत काय होतं ते मला पाठ आहे. मी ते मनात म्हणत होते आणि तरीही बसून होते. भाऊजींनी मला दोनदा पाणी आणून दिलं. दोनदा मी "थँक यू" म्हटलं.

चाळीस मिनिटांनी ती परत आली, काही नाही म्हणाली. तेव्हा मात्र मला राहवेना. मी उठले, तिचा दंड धरून तिला लिफ्टपाशी नेलं, भाऊजींना ऐकू जाणार नाही इतकं लांब, आणि कुजबुजत सांगितलं. निदान, वर्ष, गोळीचं नाव, सगळं. ती माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त पुढचा प्रश्न विचारला. "मग त्यांना आत्ता आपण कुठे राहतो असं वाटत असेल?"

हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. मी स्वतःलाही विचारला नव्हता. आणि उत्तर ताबडतोब तोंडात आलं. नदीपलीकडची विटांची बिल्डिंग, मागच्या पायऱ्या.

नऊ मिनिटांत सापडले. जुन्या क्वार्टर्सच्या मागच्या पायरीवर, बंद दाराला पाठ लावून बसले होते. टाय नीट बांधलेला. सायकलवरून चाललेल्या एका बाईला ते नुकतेच दिसले होते, तिनं स्वतःचा कोट काढून त्यांना गुंडाळला होता आणि ती स्वतः नुसत्या स्वेटरमध्ये उभी राहून फोन लावत होती. हे थरथरत नव्हते. एवढ्या थंडीत थरथरणं थांबणं म्हणजे शरीरानं हार मानणं, फार वाईट. मी त्यांचे हात हातात घेतले तर लाकूड. माझ्याकडे बघून ते अगदी सौम्यपणे इंग्रजीत म्हणाले, "सिस्टर, दार उघडायला सांगता का कुणाला?"

ते वाचले. पण उजव्या हाताची तीन बोटं आणि पायाची चार गेली. चाळीस मिनिटं आधी काय वाचलं असतं ह्याचा हिशोब तिथल्या सर्जननं केला नाही, मी विचारला नाही, पण मी डॉक्टर आहे, मला कुणी सांगायची गरज नाही. त्या दिवशी जे थोडंफार डोकं शिल्लक होतं तेही गेलं. आज ते ईलिंगच्याच एका केअर होममध्ये आहेत. मला सिस्टर म्हणतात. औलूचं नावही त्यांना आता आठवत नाही. मीच नेलं नव्हतं का त्यांना तिकडे, आठवतंय तोवर बघू दे म्हणून.

पण मला सांगायचंय ते चौथ्या दिवसाचं. ह्यांना ऑपरेशनला आत नेलं होतं. मी आणि भाऊजी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसलो होतो, दुपारचे दोन, बाहेर लख्ख ऊन. समोर दोन कॉफ्या, दोघांच्याही गार झालेल्या. भाऊजी टेबलाकडे बघत म्हणाले, "वहिनी, तो लॉबीतून जाताना मी त्याला विचारलं होतं, कुठे चाललास. म्हणाला, वॉर्डवर, राउंडला उशीर झाला."

मला आधी कळलंच नाही. "मग? तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, लवकर ये."

"लवकर ये?" माझा आवाज चढला. पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी वळून बघितलं. "भाऊजी, निवृत्त होऊन नऊ वर्षं झालीत त्यांना! तुम्हाला कळलं नाही काहीतरी गडबड आहे?"

"कळलं," ते म्हणाले. "मला दोन वर्षांपासून माहीत आहे."

मी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"रविवारच्या फोनवर तो मला विचारतो, तुझी बायको कशी आहे. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला वाटलं चेष्टा करतोय. मग दर रविवारी. मी म्हणतो, बरी आहे, तुला नमस्कार सांगितलाय." त्यांनी डोळे पुसले. पुरुष असे पुसतात, चष्मा साफ केल्याचं निमित्त करून. "खरं सांगू? मला ते आवडायला लागलं होतं."

"मग त्यांना अडवलं का नाहीत? कोटाशिवाय!"

"अडवलं असतं तर तुम्हाला कळलं असतं ना, मला माहीत आहे ते. तुम्ही एवढं जपत होतात. मला वाटलं, कोपऱ्यावर जाऊन परत येईल. मी मागे जायला उठलोच होतो, तर तुम्ही आलात."

"आणि पोलीसबाईनं विचारलं तेव्हा?" मी विचारलं. मला उत्तर नको होतं, तरी विचारलं. "ते वॉर्डवर जातो म्हणाले, एवढं तरी सांगायचं!"

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही नाही म्हणालात. तुमच्यासमोर मी हो कसं म्हणणार?"

मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मग वाटलं, आधी माझ्या. चाळीस मिनिटं आम्ही दोघं त्या लॉबीत एकाच सोफ्यावर बसलो होतो. दोघांनाही माहीत होतं, आणि एकमेकांना वाईट वाटू नये म्हणून पाणी पीत होतो.

"आणखी कुणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"मंडळात? सगळ्यांनाच." त्यांनी अवघडून कप सरकवला. "मागच्या गणपतीपासून. पण कुणी बोलत नाही. तुम्ही कानाचं म्हणता, तर सगळे कानाचं म्हणतात. जरा मोठ्यानं बोलतात."

त्यांचा फोन टेबलावर थरथरला. मग पुन्हा. मग सारखाच. त्यांनी उचलून बघितला आणि माझ्यापुढे धरला. मंडळाचा ग्रुप होता. हात जोडलेले, फुलं, "लवकर बरे व्हा", "काळजी घ्या वहिनी", "बर्फात जपून चाला हो सगळ्यांनी". चाळीस-पन्नास मेसेज.

"सगळे विचारत होते," भाऊजी म्हणाले. "मी सकाळी लिहिलं, बर्फावर पाय घसरला आणि पडला. बाकी काही नाही. चाललं ना?"

वर ऑपरेशन थिएटरमध्ये ह्यांची बोटं कापत होते. मी फोन त्यांना परत दिला.

"बरं केलंत," मी म्हटलं.